कप्तानाच्या तोंडावरची राही

पेणजवळच्या एका गावात दिनानाथचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या गणपती घडवणारं. दिनानाथ मात्र चार वर्षं खेळणी घडवतोय. मुंबईचा मितेश जुन्या धाटणीची शूरवीरांची खेळणी बाजारात आणतो. वीतभरही नाहीत, मान, खांदे आणि मांड्या तेवढ्या फिरतात, विकताना पाठीमागे रंगीत पुठ्ठा. लहानपणी जे मिळालं नाही ते चाळिशीतले बाप्ये आता हौसेनं घेतात, घेऊ देत बापडे. त्या शूरवीरांची मेणाची मुंडकी दिनानाथ कोरतो. मुंडकं केवढं, तर चिंचोक्याएवढं. डोळ्याला भिंग लावून, सुईनं.

त्याची बायको राही गेली त्याला दोन वर्षं झाली. फोटो म्हणाल तर एकच, आधार कार्डावरचा, आणि त्यात ती कुणाची कोण वाटते. म्हणजे तिचा चेहरा उरला तो दिनानाथच्या डोक्यात. तिथून तो गुपचूप बोटांत उतरला.

त्या शूरवीरांतल्या आगबोटीच्या कप्तानाचं मुंडकं शेजारच्या ठमीवहिनीनं पाहिलं आणि म्हणाली, "ही तर आपली राही हाय. टोपी घातलीस म्हणून काय झालं?"

दिनानाथ सुखावला. मितेश नाही सुखावला. फोनवर म्हणाला, "दिनाभाई, कप्तान बायकी दिसतोय. आणि जुन्या खेळण्यात एवढी कोरीव कलाकुसर नसते. गाल उतरवा."

दिनानाथनं गाल उतरवले. दुपारी जेवताना राहीचे गाल आठवायला गेला, तर आठवेनात. हसली की खळी पडायची हे ठाऊक होतं, पण कुठल्या गालावर ते गेलं होतं. वय झालं, असं म्हणून त्यानं हात धुतले.

मग नाकाचा निरोप आला, मग जिवणीचा. सुई फिरली की तेवढं तेवढं आतूनही पुसलं जायचं. चौथ्या दिवशी चुलीपाशी बसलेली राही त्यानं डोळे मिटून आठवली. साडी दिसली, बांगड्या दिसल्या आणि तोंडाच्या जागी गुळगुळीत मेण. त्यानं खाडकन डोळे उघडले.

अहो, तिथंच थांबायचं की नाही? पण गणपतीच्या कारखान्यात वाढलेला माणूस, गिऱ्हाइकाला नाही म्हणायची जीभच नाही त्याला. शिवाय डोळे अजून राहिले होते. गणपती घडवणाऱ्यांत डोळे सगळ्यात शेवटी आखतात, अंघोळ करून, कुणाशी न बोलता. एकदा डोळे उघडले की मूर्तीला हत्यार लावायचं नाही. डोळ्यांतून तिला परत आणू, मग मितेशच्या बापालाही तिला खरवडता येणार नाही, असा बेत त्यानं मनाशी केला.

सकाळी तो न्हाला. बारीक कुंचल्यानं दोन ठिपके ठेवले, जुन्या खेळण्याला तेवढेच लागतात.

ठमीवहिनी ताक घेऊन आली, भिंगाखाली वाकली आणि तिला भडभडून आलं. "कशी बघते रे राही! आता हाक मारील बघ."

दिनानाथनं भिंग ओढून घेतलं. टोपीखालून एक अनोळखी बाई त्याच्याकडे बघत होती, परक्या पुरुषाकडे बघावं तशी. डोळे उघडले होते, आता सुई लावता येत नव्हती. बराच वेळ बघून त्यानं मुंडकं ठमीवहिनीपुढं धरलं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "ती ह्यात कुठं हाय, जरा दाव."