वैधता: नऊ महिने

श्रीपती परतूरकरनं जॅझ विकत घेतलं नव्हतं, खोका घेतला होता. १९८१ साली जालन्यातली एक परदेशी डॉक्टरीणबाई कायमची मायदेशी निघाली. तिचं सामान भंगारात आलं आणि त्यात आतून पत्रा मारलेला, घट्ट झाकणाचा एक लाकडी खोका होता. श्रीपती नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत उगवण तपासायच्या कामावर होता. म्हणजे ओल्या कागदात मोजून शंभर दाणे ठेवायचे, ठरलेल्या दिवशी कागद उलगडायचा, किती उगवले ते लिहायचं आणि पुढचा कागद घ्यायचा. अशा माणसाला उंदीर शिरणार नाही असा खोका दिसला की त्याला दुसरं काही दिसत नाही. खोक्यात सव्वीस रेकॉर्डी होत्या.

"त्या बी घेऊन जा, साहेब," भंगारवाला म्हणाला. "इकडं कुणी घेत न्हाई."

घरी रेकॉर्डप्लेअर नव्हता. त्यामुळे पहिले तीन महिने श्रीपतीनं जॅझ नुसतं वाचलं. वेष्टनांच्या मागचा बारीक इंग्रजी मजकूर डिक्शनरी घेऊन वाचला. कोण कुठल्या गावचा, कोण कुणाशी भांडून कुणाच्या बँडमध्ये गेला, याची वही केली. प्लेअर आला तेव्हा त्याला जवळपास सगळं पाठ होतं, फक्त ऐकायचं राहिलं होतं.

बायको रजनी बँकेत होती. पहिली रेकॉर्ड तिनं शेजारी बसून, हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकली.

"सुरू कधी होणार आहे?" तिनं विचारलं.

"संपत आलंय."

"मग ठीक," असं म्हणून ती कुकर लावायला गेली. पुढं एकोणीस वर्षं तिनं तक्रार केली नाही. कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ट्रम्पेटमधून वेगळ्या ओळखायला शिकली.

श्रीपतीला एकट्यानं ऐकणं जमेना. रेकॉर्ड उसनी देण्याइतका तो उदार नव्हता, म्हणून दोन कॅसेटींचा डेक घेतला आणि वाटप सुरू केलं. वाटपाला पद्धत हवी, आणि त्याला एकच पद्धत येत होती. बियाण्यात पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित अशा तीन पायऱ्या असतात. मूळ ते पैदासकार, त्यावरून केलेलं पायाभूत, आणि पायाभूतावरून केलेलं प्रमाणित ते लोकांना द्यायचं. श्रीपतीच्या कॅसेटींनाही तेच. पिवळं लेबल मूळ कॅसेटीला, पांढरं घरच्या नकलेला, निळं वाटायच्या कॅसेटीला. निळ्यावरून आणखी नक्कल काढायची नाही, जोम कमी होतो. लेबलं कंपनीचीच, उरलेली. त्यावर वाण, लॉट क्रमांक, शुद्धता, उगवण, चाचणीची तारीख आणि वैधता अशा ओळी छापलेल्या असत. छापील रकाना मोकळा सोडणं श्रीपतीच्या स्वभावात नव्हतं. वैधतेपुढं तो नियमानं चाचणीपासून नऊ महिने मोजून तारीख टाकी. कॅसेटीला वैधता कशाची, असं त्याला कुणी विचारलं नाही. ज्यांना कॅसेटी मिळत त्यांच्या घरात येणाऱ्या प्रत्येक पिशवीवर ती ओळ असायचीच.

कुंभार पिंपळगावचा मच्छिंद्र कंपनीसाठी संकरित कपाशीचं बीजोत्पादन घेत असे. श्रीपती जीपनं त्याच्या प्लॉटच्या तपासणीला गेला की पिशवीत एखादी निळ्या लेबलची कॅसेट असायची.

"साहेब, ह्ये गाणं कोणच्या जातीचं म्हणावं?" मच्छिंद्रनं पहिल्यांदा विचारलं.

"संकरित."

"तरीच. आवाज जोमदार हे. नर कोणता, मादी कोणती?"

"त्यावर वाद आहे."

"वाद तर आपल्या कपाशीत बी असतोय," मच्छिंद्र म्हणाला आणि कॅसेट ठेवून घेतली. जॅझचा इतका नेमका परिचय श्रीपतीला रेकॉर्डींच्या वेष्टनांवरही सापडला नव्हता.

१९८५च्या डिसेंबरात कंपनीनं त्याला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला मुंबईला पाठवलं. तिथं बांद्र्याच्या एका चर्चच्या हॉलमध्ये, छपराच्या दुरुस्तीला पैसे जमवायला, फुर्तादो नावाचा एक म्हातारा गोवेकर सॅक्सोफोन वाजवणार होता. श्रीपती टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसला. फुर्तादो मध्ये एकदा दम लागून खोकला, लोकांची माफी मागितली आणि जिथं सोडलं होतं त्याच्या अलीकडून पुन्हा उचललं. नव्वद मिनिटं. त्याची उभ्या आयुष्यात एक रेकॉर्ड निघाली नव्हती. पुढच्या वर्षी तो वारला. त्याचं जगात जे काही उरलं होतं ते श्रीपतीच्या कॅसेटीत होतं. सव्वीस रेकॉर्डी परदेशात कुठंही मिळाल्या असत्या, ही मिळणार नव्हती.

म्हणून श्रीपतीनं ती घरी ठेवली नाही. जालन्यात सगळ्यात कोरडी आणि गार जागा म्हणजे कंपनीची थंड खोली. तिथं प्रत्येक लॉटचा राखीव नमुना सीलबंद ठेवत. पत्र्याच्या डब्यात कॅसेट, डब्यावर पिवळं लेबल, लॉट फु-८५, आणि डबा फळीवर. घरच्या पांढऱ्या लेबलवाल्या कॅसेटीवरून त्यानं सतरा निळ्या कॅसेटी भरून वाटल्या. ती पांढरी ९६ साली डेकनं खाल्ली. मूळ आहेच, म्हणून नवी भरायची राहिली.

२००० साली औरंगाबादच्या एका दर्दी माणसानं कळवलं की त्याच्याकडं कॅसेटीवरून सीडी करायचा संगणक आलाय, फुर्तादो घेऊन या. श्रीपती थंड खोलीत गेला. फळीवर डबा नव्हता.

"पुंजाराम, इथला माझा डबा?"

पुंजाराम भांडारावर वर्षभरापूर्वीच आला होता आणि अतिशय प्रामाणिक होता. आधीचा भांडारपाल यादी करताना तो डबा बाजूला सरकवायचा. पुंजारामनं काहीच सरकवलं नव्हतं.

"पिवळ्या लेबलचा? एक्केचाळीस नंबर. मागच्या मार्चमधी जाळला की. वैधता संपून तेरा वर्षं झाल्ती, साहेब."

"उघडून तरी बघायचं होतं."

"राखीव नमुना उघडायचा न्हाई, असं तुम्हीच सांगितल्तं."

त्यानं रजिस्टर आणून दाखवलं. कालबाह्य नमुने नष्ट करण्याची यादी, अनुक्रमांक ४१, लॉट फु-८५. खाली श्रीपतीची सही होती. न वाचता केलेली असूनही स्वच्छ होती, रेघसुद्धा सरळ मारलेली होती.

त्या दिवशी तो घरी आला तेव्हा रजनीनं काय झालं ते विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर फक्त म्हणाली, "सतरा वाटल्यात ना? सतरा घरं आहेत मग. जा."

वाटपाच्या वहीत सतरा नावं होती. घनसावंगीचे धर्मराज गुरुजी पहिले. त्यांनी कॅसेट लगेच कपाटातून काढून दिली. "तारीख संपली म्हणून तिच्यावर मुलीच्या लग्नातलं भरलं," ते म्हणाले. "ऐका ना, फार छान आलंय." श्रीपतीनं मंगलाष्टकं संपेपर्यंत ऐकलं. दुसऱ्या घरी कॅसेट तारीख उलटलेल्या कीटकनाशकाच्या बाटल्यांबरोबर खड्ड्यात पुरली होती, आणि हातमोजे घालून पुरली असं त्याला आवर्जून सांगण्यात आलं. तीन रविवारांत पंधरा घरं झाली. कुठंही हलगर्जीपणा नव्हता. आयुष्यात त्याच्या सूचना इतक्या काटेकोरपणे कुणी पाळल्या नव्हत्या.

सोळावा मच्छिंद्र.

"माझीवर शेजाऱ्याच्या शिव्या हेत, साहेब. बांधाच्या केसमधी पुरावा म्हणून वकिलाकडं दिली."

"अरे, पण गाणं पुसलंस?"

"तारीख गेल्ती ना! तारीख उलटलेलं लावायचं न्हाई, हे आमच्या घरात लेकराला बी ठाऊक हे. लेबल तर तुमच्याच हातचं." मग श्रीपतीचा चेहरा बघून तो जरा नरमला. "एक काम करू. काकूकडं चला. सगुणाकाकू. तिला तुम्ही दिल्ती एक. पण ती कुणाचं ऐकत न्हाई, तिनं काय केलं असंल सांगता येत न्हाई."

वहीत सतरावं नाव तेच होतं. श्रीपतीनं सगळ्यात कमी आशा त्याच नावाकडून धरली होती.

सगुणाबाई प्लॉटवर क्रॉसिंगच्या टोळीची मुकादमीण होती. क्रॉसिंग म्हणजे कपाशीच्या एकेका कळीतले नर केसर नखानं काढायचे आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल त्यावर घासायचं. एकेका बाईला दिवसाला शेकडो कळ्या. मच्छिंद्र आणि श्रीपती बांधावर पोचले तेव्हा अकरा बाया वाकून ओळीनं पुढं सरकत होत्या आणि बाभळीला टांगलेल्या टेपरेकॉर्डरमधून सॅक्सोफोन वाजत होता. मग कुणीतरी खोकलं, इंग्रजीत माफी मागितली आणि पुन्हा वाजवायला लागलं.

श्रीपती बांधावरच बसला.

"साहेबाला पाणी द्या गं," सगुणाबाई म्हणाली. "ऊन लागलं दिसतंय."

"मावशी, याची तारीख संपली होती," श्रीपती कसाबसा म्हणाला.

"ती तर कवाच गेल्ती. म्हणून काय टाकून द्यायचं? आधी उगवण बघावी का न्हाई माणसानं? दरसाल जूनमधी लावून बघते. उगवते. ज्या साली उगवायची न्हाई त्या साली टाकीन."

वीस वर्षं दाणे मोजलेल्या माणसानं मान डोलावली.

"पण हीच का, काकू?" मच्छिंद्रनं विचारलं. "एवढ्या कॅसेटी हेत घरात."

"देवाची लावली की बाया गाऊ लागतेत. सिनेमाची लावली की गप्पा सुरू. ह्याच्यात बोलच न्हाईत, मंग हात चालतेत. एक बाजू म्हणजे दोन ओळी. बाबा थांबला की पाणी प्यायचं." ती श्रीपतीकडं वळली. "खोकतोय लई पण. औषध घेतलं का न्हाई त्यानं?"

"ते वारले, मावशी. शहाऐंशीला."

सगुणाबाईनं हातातली कळी पुरी केली. "म्हणजे चौदा वर्षं," ती म्हणाली. "अन् आम्ही रोज त्याच्या सांगण्यानं पाणी पिऊन राह्यलो."

श्रीपतीनं कॅसेट जालन्याला न्यायची परवानगी मागितली. दोन दिवसांत आणून देतो म्हणाला.

"बिलकुल न्हाई. हंगाम चालू हे, बाया खोळंबतेत. तुमचं यंत्र घेऊन या, इथंच भरून घ्या."

पुढच्या रविवारी तो डेक मांडीवर घेऊन घनसावंगीच्या जीपमध्ये बसला. शेजारच्यानं विचारलं, काय हे? श्रीपती म्हणाला, तपासणीचं यंत्र. दुपारी दोनला वीज आली, आणि मच्छिंद्रच्या ओसरीवर कॅसेट भरायला लागली. सगुणाबाई समोर बसली होती, कामाची वस्तू कुणी उसनी नेली की माणूस बसतो तशी.

दुसऱ्या बाजूला मध्येच सॅक्सोफोन तुटला आणि सगुणाबाईचाच आवाज आला: "ए साळू, ओळ सोडून कुठं चाललीस? माघारी फिर!" आठ सेकंद. मग पुन्हा फुर्तादो.

"ते साळूबाईचं काम," सगुणाबाई म्हणाली. "लाल बटण दाबलं तिनं. मी वरडले ते बी आलं त्याच्यात."

"साहेब, ही भेसळ काढता येते का?" मच्छिंद्रनं विचारलं.

"येते." श्रीपतीचं बोट बटणावर होतं. प्लॉटमध्ये भेसळीचं झाड दिसलं की मुळासकट उपटायला लावणारा म्हणून तो तालुक्यात बदनाम होता. "पण मग बाजू आठ सेकंदांनी लहान होईल," तो म्हणाला. "दोन ओळींचा मेळ बसणार नाही." आणि बोट काढून घेतलं.

भरून झाल्यावर त्यानं लेबलं काढली. आता घेणारा तोच होता म्हणून स्वतःच्या नकलेला निळं लावलं, सगुणाबाईच्या कॅसेटीवरचं जुनं निळं खरवडून पिवळं. वाण, लॉट, उगवण चौऱ्याण्णव टक्के. शुद्धतेपुढं: भेसळ, साळूबाई. वैधतेचा रकाना त्यानं मोकळा सोडला आणि कॅसेट पुढं केली.

सगुणाबाईनं ती मच्छिंद्रला वाचायला दिली.

"तारीख न्हाई टाकली, काकू."

"का बरं, साहेब?"

"हिला नको, मावशी."

"असं कसं? तारखेशिवाय बियाणं घेऊ नका म्हणून तुम्हीच गावोगाव सांगत हिंडता. टाका."

श्रीपतीनं पेन पुन्हा उघडलं. बोटांवर नऊ महिने मोजले आणि लिहिले.

"जून येतोय," मच्छिंद्र वाचून म्हणाला.

"जूनमधी बघू मंग," सगुणाबाई म्हणाली, आणि दोन ओळी राहिल्यात म्हणून कॅसेट घेऊन शेताकडं निघाली.