शंभर किलो ओलं सोयाबीन

आमच्या घरात हिशोब विचारायचा तर मला विचारतात. म्हणजे विचारायचे. गच्चीला किती फरशी लागेल, दोनशे पानांना बुंदी किती पाडायची, वाटूरला अकराला पोचायचं तर जालन्यातून किती वाजता निघायचं, सगळं मी तोंडी सांगणार. जुन्या जालन्यात धान्याच्या अडत दुकानावर तीस वर्षं काढली. कॅल्क्युलेटरला हात लावत नाही, हे मीच लोकांना सांगत आलो, कोणी विचारलं नसलं तरी.

त्यामुळे हसनाबादहून थोरल्या भावाचा फोन आला, की पोरीला एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला बसायचंय, क्लास जालन्यात आहे, तुझ्याकडं ठेवतो, तेव्हा मी लगेच फुगलो. भाऊ म्हणाला, "एक वर्ष देऊन राह्यलो तिला. जमलं तर जमलं. न्हाई तर मंग स्थळ चालून आल्तंच, त्यांना हो म्हणून टाकू."

मी म्हणालो, "गणिताची जिम्मेदारी माझी, दादा. तुम्ही बिलकुल काळजी करू नका."

ही जिम्मेदारी त्यांनी मागितली नव्हती.

पुतणी आली. अंगानं बारीक, बोलायला कमी, पुस्तकं मात्र पोतंभर. सकाळी क्लास, दुपारी घरी अभ्यास, आणि संध्याकाळी सहा ते सात माझा तास. मी दुकानातून येऊन हातपाय धुवायचो, खुर्चीत बसायचो आणि म्हणायचो, "वाच." ती शाब्दिक उदाहरण वाचायची. बारा मजूर एक काम आठ दिवसांत करतात, तर सोळा मजूर किती दिवसांत? मी आधी विचारायचो, मधे बाजाराचा दिवस येतो का? कारण बाजाराच्या दिवशी बारातले चारसुद्धा येत नाहीत. ती हसायची. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "तिला परीक्षेला बसायचंय, मजूर न्हाई लावायचे." मग मी उत्तर सांगायचो, सहा दिवस, आणि ते बरोबर निघायचं. अशी दोन-चार उत्तरं बरोबर निघाली की माणूस बिघडतो.

दिवाळीनंतर एक उदाहरण आलं. शंभर किलो सोयाबीनमध्ये वीस टक्के पाणी आहे. वाळवल्यावर पाणी दहा टक्के उरलं. तर वाळलेल्या सोयाबीनचं वजन किती?

मी खुर्चीत मागं रेललो. हे तर माझंच गणित. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माल आला की ओल मोजायच्या यंत्रात मूठभर दाणे टाकायचे, दहाच्या वर जितके टक्के ओल निघेल तितके किलो क्विंटलमागं वजा करायचे. तीस वर्षं हेच केलं. विसातून दहा गेले, दहा किलो कमी. "नव्वद," मी म्हणालो.

ती हळूच म्हणाली, "काका, मागं उत्तर अठ्ठ्याऐंशी पॉइंट एकोणनव्वद दिलंय."

"छापणाऱ्यानं कधी सोयाबीन पाहिलं का?"

"पण काका..."

"आण इकडं." मी तिच्या पुस्तकातलं ते उत्तर खिशातल्या पेनानं खोडलं आणि शेजारी नव्वद लिहिलं. वर सही करायची तेवढी बाकी ठेवली. पुढं महिनाभर घरी येईल त्याला मी हा किस्सा सांगितला, की एवढी जाड पुस्तकं, पण मोंढ्यातला हमाल यांच्यापेक्षा हुशार. पुतणी पाहुण्यांना पाणी देत उभी असायची. तिच्यासमोरच सांगायचो.

मग अमावस्या आली. अमावस्येला आमचा मोंढा बंद. सकाळी एका सोयऱ्याकडं जाऊन मी दुपारीच घरी आलो. दाराशी चपला काढत होतो, तर आतून पुतणीचा आवाज. फोनवर मैत्रिणीला शिकवत होती.

"आधी कोरडं किती ते धर. पाणी उडतं, कोरडं उडत न्हाई. शंभरात ऐंशी कोरडं. वाळल्यावरही ते ऐंशीच, पण आता ते मालाच्या नव्वद टक्के झालं. म्हणून ऐंशी भागिले नव्वद, गुणिले शंभर. आलं ध्यानात?"

माझ्या ध्यानात आलं. तीस वर्षांत आलं नव्हतं, ते दारात उभ्या उभ्या आलं. वजन कमी झालं की टक्काही त्या कमी वजनाचाच मोजायचा. मोंढ्यात आम्ही सोयीसाठी सरळ वजाबाकी करतो, आणि मी सोयीलाच गणित समजत आलो.

मैत्रिणीनं पलीकडून काहीतरी विचारलं असावं. पुतणी म्हणाली, "न्हाई गं, काकांजवळ नव्वदच म्हणते. त्यांना वाईट वाटंल. तसे लई जीव लावतात. एक तास जातो रोज, जाऊ दे. मंग रात्रीचा एक तास वाढवते मी."

मी चपला पुन्हा पायात घातल्या, गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि मुद्दाम खोकत परत आलो. इथवर कोणीही मला माफ करील. पण त्याच संध्याकाळी सहाला मी हातपाय धुतले, खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "वाच."

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मला कळलं होतं की तिचा तास माझ्यापायी वाया चाललाय, आणि तरी परीक्षेपर्यंत मी तो रोज घेतला. घरात हिशोबाचा मान माझा होता. तो सोडवत नव्हता.

परीक्षा संभाजीनगरला झाली. मीच घेऊन गेल्तो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काका, ओलीचं आलं होतं."

"मग?"

"सोडवलं." कसं, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

निकालात थोडक्यात हुकलं. म्हणजे सरकारी कॉलेज हुकलं, आणि खासगीचं आमच्या घरात नावच काढायचं नव्हतं. आम्ही तिघं हसनाबादला गेलो. भाऊ ओसरीवर बसलेले, वहिनी उंबऱ्यात. भाऊ पोरीला म्हणाले, "काकानं रोज तासभर डोकं लावलं तुझ्यासाठी. अजून काय करायचं माणसानं? आता बास झालं."

ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत राहिली. मी म्हणालो, "दादा, अजून एक वर्ष द्या तिला."

"आरं, तू शिकवून न्हाई जमलं, तर मंग कोण शिकवील?"

आता गप्प राहिलो असतो तर त्या स्थळाला होकार गेला असता. मी म्हणालो, "मी चुकीचं शिकवत होतो."

"काय चुकीचं?"

"हिला माझ्यापेक्षा जास्त येतं. माझं मन राखायला बसत होती रोज. मला माहीत होतं."

वहिनींनी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"चार महिने."

माझ्या बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तिलाही हे आताच कळत होतं. तेवढ्यात पुतणी म्हणाली, "न्हाई पप्पा, काकांचं बाकीचं बराबर होतं. एकच उदाहरण चुकलं."

ती माझ्यासाठी खोटं बोलली, बापासमोर, आपलं वर्ष जात असताना. मी भिंतीकडं पाहत राहिलो.

भाऊ माझ्या बायकोला म्हणाले, "वर्ष देतो. पण तिची खोली संभाजीनगरला बघू. तुमच्याकडं न्हाई ठेवत."

त्यांनी हे माझ्याशी न बोलता तिच्याशी बोलणं बराबर होतं. वहिनींनी पोरीला चहा टाकायला सांगितलं. ती आत गेली आणि जाताना दारातून तिनं विचारलं, "काका, साखर कमीच ना?"

मी हो म्हणालो.