मावशीकडे गेलेला गुडघा

मे महिन्यातल्या त्या शनिवारी सकाळचं काम आटोपून मी अंगणात चटई पसरली आणि विंडसर्फिंगचं, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून पाण्यावर फिरायच्या खेळाचं, सगळं सामान तिच्यावर मांडलं. बोर्ड, शीड, डोलकाठी, हातात धरायचा बूम, बोर्डाखालचं पातं, दोऱ्या, पाय अडकवायचे पट्टे. मी कुंभिवलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. वस्तू मोडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा मोडायच्या आधी ती बदलावी, हे तिथे अंगात मुरलंय. शेजारच्या फार्महाऊसवाल्याने पाण्यातले खेळ बंद केले, तेव्हा हा जुना संच आम्ही दोघी जावांनी, मी आणि धाकटीनं, त्याच्याकडून घेतला. त्यानेच थोडंफार शिकवलं, बाकीचं आम्ही घरामागच्या तलावात पडून पडून शिकलो.

या खेपेच्या तपासणीला कारण होतं. धाकट्या दिरांची लातूरला बदली झाली होती आणि सोमवारी सामानाचा टेंपो निघणार होता. म्हणजे धाकटीच्या हातात एकच रविवार उरला. तिला समोरच्या काठापर्यंत जाऊन, न पडता, स्वतः वळून परत यायचं होतं. आजवर ते तिला एकदाही जमलं नव्हतं. अर्ध्या तलावात गेली की ती खाली काळ्या पाण्याकडे बघायची आणि बदकन पडायची. मेमध्ये दुपारनंतर आमच्याकडे पश्चिमेचा वारा तलावावर आडवा येतो, जाताना आणि येताना सारखाच. याहून चांगली संधी मिळणार नव्हती.

शीड उचलायची दोरी झिजली होती, ती बदलली. पायाच्या एका पट्ट्याचा स्क्रू गंजला होता, तो काढून नवा घातला. शिडाला बारीक चीर होती, तिला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली. मग गुडघा हातात घेतला.

बोर्ड आणि डोलकाठी यांच्यामध्ये डमरूच्या आकाराचा एक रबरी सांधा असतो. त्याच्यामुळे शीड चारी बाजूंना झुकतं. त्याला इंग्रजीत भलंमोठं नाव आहे, पण आम्ही पहिल्या दिवसापासून गुडघाच म्हणतो. मी तो जोर लावून वाकवला आणि त्याच्या बारीक कमरेपाशी चीर उघडली. नख आत गेलं.

"ताई, चालंल का उद्यापुरता?" धाकटीनं विचारलं.

"मधोमध तुटला तर शीड एकीकडे, बोर्ड एकीकडे आणि तू तिसरीकडे. काळजी कशाला? नवा आणून ठेवलाय."

सुटे भाग मी नावं लिहिलेल्या डब्यांत घालून घरातल्या फळीवर ठेवते, तिकडे गेले. फळीवर पात्याचा डबा होता, दोऱ्यांचा होता. गुडघ्याचा डबा नव्हता. वरची फळी, खालची फळी, पलंगाखाली, कुठेच नाही. धाकटीचा चेहरा बघवेना.

"आई, इथला एक पांढरा डबा बघितलात का?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गुडघ्याचा ना? तो दिला मी माझ्या बहिणीला. परवा आली तवा गुडघे धरून बसली होती बिचारी. म्हटलं, हितं डब्यावर गुडघा लिवलंय, कंपनीतनं कायतरी आनलं असंल तू."

"आई, तो बोर्डाचा गुडघा होता!"

"लाकडाला कुटं गुडघा असतो गं? डब्यावर गुडघा लिवायचं आनि आत रबर ठेवायचं! आता मला दोष देऊ नकोस."

धाकटी हसायला लागली आणि हसता हसता रडकुंडीला आली. मी स्कूटर काढली, ती मागे बसली. जुना गुडघा तिच्या मांडीवर होता. का घेतला होता कोण जाणे, बहुतेक दाखवायला.

मावशी, म्हणजे सासूबाईंची ती बहीण, चौक गावात राहतात. पोचलो तेव्हा त्या ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या आणि आमचा नवाकोरा सांधा तिळाच्या तेलात बुडवून गुडघ्यावर लाटण्यासारखा फिरवत होत्या.

"या गं पोरींनो! काय वस्तू दिली तुमच्या सासूनं! उनात ठेवायची, मंग फिरवायची. गोळ्यांनी नाय झालं ते हिनं केलं. काल देवळापर्यंत जाऊन आले."

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांधा पदराखाली घेतला.

"एकदा दिलेला गुडघा परत मागतात व्हय गं? कुटं बघितलंय असं?"

"मावशी," धाकटी म्हणाली, "सोमवारी मी लातूरला चालले. उद्या नाय गेले पलीकडं तर जन्मभर हळहळ राहील. तुमी देवळापर्यंत गेलात ना? मला बी एकदा जाऊ द्या."

मावशींनी पदर जरा सैल केला. मी तेवढ्यात जुना सांधा पुढे केला. त्यांनी तो दाबून बघितला, गुडघ्यावर फिरवून बघितला.

"ह्याला चीर हाय."

"चिरीत तेल टिकून राहतं, मावशी. जास्त वेळ मालीश होईल."

"लय चालू हाय तुजी जाऊ," त्या धाकटीला म्हणाल्या, पण नवा काढून दिला.

तेलानं रबर खराब होतं, म्हणून घरी आल्या आल्या तो भांड्यांच्या साबणानं धुतला आणि सावलीत सुकवला. कुठे फुगलाय का, मऊ पडलाय का, वाकवून बघितलं. ठणठणीत होता. वरचा बोल्ट, खालचा बोल्ट आवळले आणि रबर तुटलं तरी डोलकाठी सुटू नये म्हणून बाजूने पट्टा ओवला. मग डोलकाठी बसवून दोघींनी चारी बाजूंना लोंबकळून ओढलं. हलला, वाकला, सरळ झाला. धाकटीनं अंगणातच उडी मारली.

रविवारी दुपारी पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या आणि पाठोपाठ वारा आला. लाइफ जॅकेटचे बंद मी स्वतः तपासले. धाकटीनं शीड उचललं, बूम धरला आणि निघाली. ती मध्यापाशी पोचली. "खाली बघू नकोस! काठाकडं बघ, काठाकडं!" मी ओरडत होते. ऐकू जात होतं की नाही, माहीत नाही. बोर्ड जरा डगमगला, शीड झुकलं, सांध्यावर फिरलं आणि परत ताठ झालं. ती पुढे गेली!

पलीकडच्या गवतापाशी तिनं पाऊल टेकवलं. एक हात वर केला. मग शीड फिरवलं, बोर्डाचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि वारा भरून घेतला. मी चपला काठावर टाकल्या आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरले, तिला धरायला. ती सूं करत आली, मला हात लावू दिला नाही, तिथल्या तिथे वळली.

"ताई, अजून एकदा!"

"अगं, माझी पाळी!"

"तुमी हितंच ऱ्हाताय!" असं ओरडून ती परत पलीकडे निघाली.

अंधार पडेपर्यंत ती तेच म्हणत राहिली. मला बोर्डावर पाय ठेवायला मिळाला नाही. ओल्या साडीनं तिथेच उभी राहून मी प्रत्येक वळणाला टाळ्या वाजवत होते.