विष्णूकाकांचं विधिमंडळातलं भाषण

शहाऐंशी साली न्यू जर्सीचे दोन तुकडे करावेत का, यावर ट्रेंटनच्या विधिमंडळात लोकांचं म्हणणं ऐकणार होते. वेस्ट विंडसरचे आमचे विष्णूकाका हट्टाने गेले. राज्य तुटलं तर आपलं मराठी मंडळही तुटणार, नाटकाचा नायक उत्तरेत आणि नायिका दक्षिणेत, ही त्यांची काळजी.

बोलायला तीन मिनिटं होती. काकांनी मंडळाच्या रीतीने आधी सत्कारच सुरू केला. विभाजन मागणारा आमदार आणि त्याचा विरोधक, दोघांना गुलाब दिले. शाल मात्र एकच होती. ती दोघांच्या खांद्यांवर मिळून पांघरेपर्यंत घंटा वाजली.

“अहो, भाषण?” मागून काकू ओरडल्या.

“झालं की!”

सभागृह हसत सुटलं. त्या दुपारी ठराव बारगळला. काका गाडीत शीळ घालत होते.

“शीळ कसली घालताय?” काकू म्हणाल्या. “माझी नवी शाल नेली ना त्यांनी!”