आमच्या व्याह्यांचा म्युलर

मुलीला बघायला येऊन हुंड्याऐवजी जर्मन शिपायांची यादी मागणारा वरबाप निजामाच्या अख्ख्या मुलखात एकच जन्मला, आणि तो मला व्याही म्हणून मिळाला. मी तेव्हाही पिंगळी स्टेशनावर तारमास्तरच होतो. माझ्या महानंदेला सेलूचं स्थळ सांगून आलं होतं. घर आपल्याच लिंगायतांतलं, रुईच्या अडतीचं दुकान, मुलगा शांत. बैठकीच्या दिवशी शरणार्थाचे नमस्कार झाले, विडे फिरले, आणि माझ्या थोरल्या भावानं घसा साफ करून देण्याघेण्याचा विषय काढला. व्याह्यांनी डोक्यावरचा पटका नीट केला आणि सरळ माझ्याकडे वळले. "तुमी रेल्वेत हायत. तुमच्या लाईनीवर लांबलांबचे लोक येत्यात. जर्मनीत ज्यांना बहादुरीचं पदक भेटलं, त्यांची समद्यांची नावं असलेलं पुस्तक कुठं मिळंल?" भावाला फक्त 'जर्मन' एवढंच ऐकू आलं. तो घाईघाईनं म्हणाला की जर्मन धातूची ताटं, वाट्या, मोठं पातेलं, सगळं देऊ. व्याह्यांनी त्याच्याकडे फार दयेनं बघितलं आणि भांडी नकोत, पुस्तक पाहिजे, असं पुन्हा सांगितलं. मी काय करणार? मुलीचा बाप. पुस्तक मिळवून देतो म्हणालो. लग्न ठरलं आणि मी अडकलो.

या मागणीची हकीकत मला लग्नानंतर कळली. पहिल्या मोठ्या लढाईत निजामाचा रिसाला मिसर देशाकडे गेला, तेव्हा आमचे व्याही रसदीचे कारकून म्हणून त्याच्याबरोबर गेले होते. घोड्यांचा दाणा मोजणं हे त्यांचं काम. तिथं छावणीजवळ पकडलेल्या जर्मनांना ठेवलं होतं. त्यांतला एक तापानं फणफणलेला, अन्न पोटात ठरत नव्हतं. व्याह्यांना तिथल्या बाजारात आपल्यासारखी ज्वारी दिसली. त्यांनी पीठ आंबवून ताक घालून आंबील केली आणि पहारेकऱ्याच्या परवानगीनं आठ दिवस त्याला पाजली. गडी उठून बसला. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण दोघं भिंतीला टेकून बसत आणि आपापल्या गावाबद्दल बोलत. एक दिवस कैद्यांना दुसरीकडे हलवायचा हुकूम आला. कैद्यांच्या वस्तू वाटेत चोरीला जातात हे त्याला ठाऊक होतं. त्यानं छातीवरचं लोखंडी क्रूसाचं पदक काढून व्याह्यांच्या हातात दिलं आणि खुणेनं सांगितलं, जपून ठेव, मी येईन न्यायला. तो आला नाही. लढाई संपली, व्याही पदक घेऊन सेलूला परतले. पदकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'के. म्युलर' असं नाव आणि एक तारीख कोरलेली होती. एवढ्या दोन खुणांवर त्यांना त्या माणसाचा पत्ता काढायचा होता.

ते पदक त्यांनी कधी 'माझं' म्हटलं नाही. देवघरात एका वेगळ्या पाटावर ठेवलेलं असे, पण त्याला भस्म किंवा फूल वाहायची सोय नव्हती. महानंदेनं नवी सून म्हणून पहिल्याच सोमवारी भाबडेपणानं त्याच्यावर बेल ठेवला, तर त्यांनी हळूच उचलून घेतला आणि तिला म्हणाले, "पोरी, त्यो देव न्हाई. पाहुणा हाय." पाहुण्याला दर दसऱ्याला तेलाचं बोट लागे, एवढंच. बाकी वर्षभर त्यांचा शोध चाले. दुकानात परगावचा व्यापारी आला की रुईचा भाव नंतर, आधी पुस्तकाची चौकशी. मनमाडकडून येणारी गाडी सेलूला थांबली की हे फलाटावर, आणि टोपी घातलेला गोरा दिसला की डब्याशी जाऊन नमस्कार. एकदा एका साहेबानं त्यांना बिस्किटवाला समजून पैसे पुढे केले होते. यांनी ते परत केले आणि पुस्तकाबद्दल विचारलं. साहेबानं खिडकी लावून घेतली.

सगळ्यात मोठी अडचण नावाची होती. व्याह्यांच्या जिभेवर म्युलर काही बसेना, ते मुल्लर म्हणत, आणि ऐकणारा मुल्ला ऐके. तहसिलीतल्या पेशकारानं त्यांचं सगळं म्हणणं अदबीनं ऐकून घेतलं आणि मशिदीचा रस्ता दाखवला. तिथले म्हातारे मौलवी चक्रावले, पण माणूस मोठ्या मनाचा. त्यांनी तीनचार गावच्या मुल्लांना निरोप धाडून विचारलं की तुमच्यापैकी कुणी जर्मनीत लढला होता का. खरा प्रकार कळल्यावर दोघांची गट्टीच जमली. त्यानंतर बाजारात भेट झाली की मौलवीसाहेब लांबूनच विचारत, "मिले क्या तुमारे मुल्लासाब?" आणि हे मान हलवून म्हणत, अजून न्हाई. हळूहळू सगळं सेलू हाच प्रश्न विचारायला लागलं.

मी माझ्या परीनं लाईनीवरच्या प्रत्येक गार्डाच्या कानावर घातलं होतं. दुसऱ्या वर्षी सिकंदराबादच्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून एका गार्डानं मला एक जाडजूड ग्रंथ आणून दिला. पुठ्ठा गेलेला, भाषा जर्मन, आणि आत पानोपानी पदकांची चित्रं. मी रजा काढली, लग्नातला कोट घातला आणि रुखवत न्यावा तसा तो ग्रंथ दोन्ही हातांवर धरून सेलूला गेलो. व्याह्यांनी तो चौरंगावर ठेवला. आता वाचणारं माणूस पाहिजे होतं. जालन्याच्या बाजूला एका मिशनच्या दवाखान्यात एक वयस्क जर्मन डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याकडे आम्ही दोघं गेलो. बाईंनी चष्मा लावला, चार पानं उलटली, आणखी चार उलटली, आणि मग त्या हसायला लागल्या, त्या थांबेचनात. ती यंत्रांची किंमतयादी होती. सरकी काढायची यंत्रं, तेलावर चालणारी इंजिनं, आणि निरनिराळ्या प्रदर्शनांत त्यांना मिळालेली पदकं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. व्याही मात्र गंभीरपणे ऐकत होते. जर्मन लोक यंत्रालाही बहादुरीचं पदक देतात हे त्यांना फार योग्य वाटलं. सेलूच्या कापसाच्या जिनातलं इंजिन त्यात आहे का, असं त्यांनी विचारलं. बाईंनी शोधलं. होतं. दोन पदकं मिळाली होती त्याला.

मग बाईंनी विचारलं की हा खटाटोप कशासाठी. व्याह्यांनी उपरण्याच्या पदरात बांधून आणलेलं पदक काढून टेबलावर ठेवलं आणि आंबिलीपासून सगळी हकीकत सांगितली. बाईंचं हसू थांबलं. पदक न उचलता त्यांनी वाकून ते निरखलं. नंतर त्यांनी समजावून सांगितलं की हा क्रूस लाखो शिपायांना मिळाला आहे, सगळ्यांची नावं असलेलं एक पुस्तक कुठंच नाही. पण काही पलटणींतल्या जुन्या लोकांनी आपापल्या पलटणीचे ग्रंथ छापले आहेत. त्यांत नाव, गाव, पदक मिळाल्याची तारीख, सगळं असतं. फक्त पलटण कोणती ते कळायला हवं, आणि ते इतक्या वर्षांनी कसं कळणार?

इथं मला पहिल्यांदा व्याह्यांचा खरा अभिमान वाटला. हा माणूस पोराचं नाव विसरेल, पण आकडा विसरायचा नाही. दहा वर्षांपूर्वी पाठवलेल्या गाठी मालगाडीच्या कोणत्या नंबरच्या वाघिणीतून गेल्या ते त्यांना तोंडपाठ असे. त्यांनी डोळे मिटले, उजवा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि त्या तापकऱ्याच्या अंगरख्याच्या खांद्यावर शिवलेला आकडा सांगितला. बाईंनी तो कागदावर लिहून घेतला आणि त्याच दिवशीच्या टपालानं मायदेशी आपल्या भावाला पत्र धाडलं.

आठ महिने गेले. मग कळलं की ग्रंथ मिळाला, निघाला, आणि परभणीच्या करोडगिरीत अडकला. जकातीच्या अंमलदारांनी पार्सल फोडलं तर आत तोफांची आणि शिपायांची चित्रं. फौजी किताब सोडायचं का नाही याचा निकाल लागेना. मी रेल्वेचा डगला घालून गेलो आणि अर्धा तास कायद्याचं बोललो, काही उपयोग झाला नाही. शेवटी अंमलदारांनी व्याह्यांनाच विचारलं, या किताबात आहे तरी काय?

व्याही म्हणाले, "नावं हायत साहेब. नावं अन् गावं." आणि पदक पुढे ठेवून म्हणाले, "ही एकाची अमानत हाय माझ्यापाशी. त्याला शोधायलोय."

माझं अर्ध्या तासाचं बोलणं त्या एका शब्दापुढे फिकं पडलं. अंमलदारांनी कलम खाली ठेवली. "अमानत है तो रोकना गुनाह है," असं म्हणून त्यांनी स्वतः शिक्का मारला, ग्रंथ पुन्हा कागदात गुंडाळला, आणि मुल्लासाब सापडले तर कळवायला सांगितलं. म्हणजे ती बातमी परभणीपर्यंत पोचलेली होती.

वाचनासाठी डॉक्टरीणबाई मुद्दाम सेलूला आल्या. थंडीचे दिवस होते. दुकानापुढच्या ओट्यावर कोवळ्या उन्हात सतरंजी अंथरली, मौलवीसाहेब येऊन बसले, जिनातले दोनचार लोक काम टाकून आले. मानकऱ्यांच्या यादीत के अक्षराचे म्युलर सहा निघाले. पदकावरची तारीख व्याह्यांना तोंडपाठ होती, पण ती पदकावरूनच कुणीतरी वाचून दाखवावी असा त्यांचा हट्ट होता. महानंदा दारात उभी होती, तिला इंग्रजी आकडे मी पिंगळीला शिकवले होते. व्याह्यांनी सुनेला हाक मारून समोर बसवलं, सगळ्या बाजारादेखत. ती आकडे वाची, बाई ग्रंथातल्या तारखेवर बोट ठेवत आणि मान हलवत. पहिला नाही. दुसरा नाही. तिसऱ्याचा महिना जुळला, दिवस जुळेना. चौथा नाही. पाचव्याला बाईंनी आकडे परत वाचायला सांगितलं. महानंदेनं वाचले. बाईंनी पुन्हा एकदा सांगितलं, तिनं पुन्हा वाचले, आणि बाई म्हणाल्या, हाच.

कोन्राड म्युलर, नदीकाठच्या एका लहान गावचा. व्याह्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला, थोडा वेळ बोडक्या डोक्यानं उन्हात बसून राहिले, मग पटका पुन्हा बांधला आणि घरात सांगून पाठवलं की आज समद्यांना आंबील. मौलवीसाहेबांनी उठून त्यांना छातीशी धरलं. दुपारपर्यंत मुल्लासाब सापडल्याची बातमी सेलूभर झाली. हलवायानं आपण होऊन बत्तासे वाटले आणि जिनातल्या इंजिनवाल्यानं, त्या दोन पदकांच्या इंजिनवाल्यानं, अवेळी भोंगा वाजवला. मालक रागावायला बाहेर आला, आणि कारण कळल्यावर बत्तासा घेऊन आत गेला.

गावच्या पत्त्यावर बाईंनी पत्र घातलं. माणूस जिवंत होता. त्यानं लिहिलं की मी कैदेतून सुटलो तेव्हा तुमच्या रिसाल्याचा तळ हलला होता, पदकाची आशा मी सोडली, पण त्या आंबट पेजेची चव अजून जिभेवर आहे. निजामाच्या नव्हे, इंग्रज सरकारच्या टपालातून व्याह्यांनी पदक रजिस्टर करून पाठवलं. पावतीबरोबर फोटो आला. कोटावर क्रूस लावलेला, टक्कल पडलेला एक गृहस्थ, शेजारी बायको, दोघं हसत होती. व्याह्यांनी फोटो उन्हात धरून निरखून बघितला. "बारीक झालाय," एवढंच म्हणाले, पण त्या दिवशी ते बाजारातून चालले ते एखाद्या जिंकून आलेल्या सेनापतीसारखे, आणि मी त्यांच्या मागून चालत होतो.

पुढं दुसरी लढाई पेटली आणि पत्रं बंद झाली. डॉक्टरीणबाईंनाही, त्या जर्मन म्हणून, सरकारनं कुठंतरी नजरकैदेत नेऊन ठेवलं. मला वाटलं होतं, काम झालं, आता ग्रंथ माळ्यावर जाईल. तो गेला नाही. बाईंकडून व्याह्यांनी तेवढ्या अवधीत जर्मन अक्षरं शिकून घेतली होती. ग्रंथाच्या शेवटी लढाईत पडलेल्यांची यादी होती, बारीक टाईपात, पानंच्या पानं. सकाळची लिंगपूजा आटोपली की ते ग्रंथ उघडत आणि एक नाव आणि एक गाव मोठ्यानं वाचत. उच्चार असे की त्या माणसाच्या आईलाही कळले नसते. रोज एकच नाव. मी एकदा विचारलं की हे कशाला. व्याह्याला ते ईवाई म्हणत. म्हणाले, "ईवाई, एका नावासाठी आपण हे पुस्तक एवढ्या लांबून आणलं. बाकीच्यांस्नी काय वाटंल?"

निजामाचं राज्य गेलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ते वारले. मुलूख धुमसत होता, गाड्या धड चालत नव्हत्या, मी पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती. महानंदेनं मला ग्रंथ आणून दिला. त्यांनी शेवटी वाचलेल्या नावाशी बेलाचं एक पान होतं, अजून पुरतं वाळलेलं नव्हतं. पुढे यादीची अकरा पानं उरली होती. मला जर्मन येत नाही, पण अक्षरं व्याह्यांनी दाखवली होती, आणि पिंगळीच्या स्टेशनात सकाळची गाडी गेल्यावर थोडा वेळ निवांत असतो. रोज एक नाव वाचतो.