मुकुंदवाडीची सवत

बाळांनो, आज शिलाई मशीनच्या गंजलेल्या चाकाला रॉकेल लावलं आणि त्या वासानं मला मुकुंदवाडीच्या भंगाराच्या आवारात नेऊन उभं केलं. तिथं बाभळीखाली एक जुनी लष्करी जीप होती, गंजून विटकरी झालेली. तुमचे आजोबा तिच्या बॉनेटवरून हात फिरवत होते. मला बघायला आले तेव्हा या माणसानं पोह्यांच्या बशीवरून नजरसुद्धा उचलली नव्हती. जीपवरून मात्र ती हलत नव्हती. माझा नुसता जळफळाट झाला.

आवाराचे मालक करीमभाई हसले. "भाभी, साहेब लई भाळलेत. पण तुम्ही हो म्हणल्याबिगर मी देणार नाय. मागून घरात भांडणं नकोत."

"घेऊ का गं?" आजोबांनी विचारलं.

"घ्या. पण दुरुस्त झाली की आधी मी चालवणार."

म्हटलं, सवतीचा लगाम आपल्याच हाती असावा.

वर्षभर ते तिच्याखाली पडून होते. मग एकदाचं मला स्टिअरिंगवर बसवलं. गिअर टाकताना माझं मनगट मुरगळलं, मी कळवळले.

"हळू गं," ते म्हणाले, "तिला लागेल."

आता ते नाहीत, तीही नाही. तरी हे लिहिताना मी थोडी जळतेच.