जहाज येण्याआधी गोळा केलेल्या बॅटऱ्या

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मस्कतमधल्या एका सल्लागार कंपनीत इंजिनिअर होतो. तिथल्याच अल् घुब्रा भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. हिंदी महासागरातल्या तीन छोट्या बेटराष्ट्रांच्या कचऱ्याचं काम आमच्याकडे आलं. ओला कचरा ज्याचा त्याने जिरवायचा, पण जुन्या बॅटऱ्या पुरायच्या कुठे? खणलं की हातभरावर पाणी. आणि एकेका बेटाचा माल इतका थोडा, की तेवढ्यासाठी कुठलंच जहाज वाट वाकडी करत नसे. तिघांनी मिळून एक जहाज ठरवावं, ते बॅटऱ्या उचलत ओमानला यावं, अशी योजना मी मांडली होती.

त्यासाठी मस्कतला झालेल्या बैठकीला त्यातल्या एका बेटाचा आरोग्य निरीक्षक आला. माझ्याच वयाचा, कोळ्याच्या घरातला, कमी बोलणारा. दुसऱ्या दिवशी मी त्याला सोहार शहराच्या बाजूला, या बॅटऱ्या जिथे यायच्या होत्या ते भंगाराचं यार्ड दाखवायला नेलं. तिथले मुकादम रत्नागिरीकडचे. सगळे त्यांना चाचा म्हणत.

चाचांनी मला बाजूला घेतलं. "जहाज ठरलं काय साहेब?"

"ठरेल. सह्या व्हायच्यात."

"मग अजून गोळा नका करायला सांगू. बॅटरी उघड्यावर पडून ऱ्हायची चीज नाय."

मी मान हलवली. परतीच्या वाटेवर गाडीत त्या निरीक्षकाने विचारलं, "आम्ही आतापासून गोळा करायला लागू का?"

"लागा," मी म्हणालो. "थंडीपर्यंत जहाज येईल."

त्याने गावोगाव फिरून लोकांना सांगितलं. होड्यांमधल्या, मोटारींमधल्या, दुकानांच्या मागे पडलेल्या बॅटऱ्या लोकांनी आणून दिल्या. धक्क्यामागच्या शेडमध्ये रचलेल्या ढिगाचा फोटो त्याने मला पाठवला. तो मी कौतुकाने ऑफिसात भिंतीवर लावला.

मग तिघांपैकी एका देशाने कळवलं, दुसऱ्यांचा विषारी माल भरलेलं जहाज आम्ही बंदरात घेणार नाही. दुसऱ्याकडे सरकार बदललं. दर महिन्याला मी त्याला फॅक्स करत राहिलो, "पुढच्या महिन्यात नक्की." शेवटी आमचे साहेब म्हणाले, "खलास. फाईल बंद कर." हे त्याला कळवायला मी सहा आठवडे लावले. लाज वाटत होती, दुसरं कारण नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याचा फोन आला. मुलीला उपचारासाठी मुंबईला नेत होता, मस्कतला विमान बदलायचं होतं. मी दोघांना घरी आणलं. मुलगी सहा वर्षांची, बापाच्या खांद्यावर मान टाकलेली. बायकोने मऊ भात केला, त्या मुलीने तो तोंडात धरून ठेवला, गिळला नाही. माझी मुलगी तेवढ्याच वयाची. तिने रंगीत खडू पुढे केले, शाळेतल्या इंग्रजीत काहीबाही विचारलं. ही पंख्याकडे बघत राहिली.

"काय झालं हिला?" मी विचारलं.

"शिसं," तो म्हणाला. "ढीग तसाच पडून होता. जाळ्यांना वजन लागतं. लोकांनी बॅटऱ्या फोडल्या आणि घरोघरी चुलीवर शिसं वितळवलं. आमच्या अंगणात माझ्या भावानेच. त्या राखेत मुलं खेळायची. आमच्या गल्लीतली दोन गेली. आधी आम्हाला वाटलं, ताप आहे."

"मी तुम्हाला थांबा म्हणायला हवं होतं. मला सांगितलंही होतं एकाने."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. "पूर्वी बॅटऱ्या बेटभर विखुरलेल्या होत्या," तो म्हणाला. "एकत्र मी केल्या. लोक माझ्या शब्दावर घेऊन आले."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू राहिला.

मुंबईला तिच्या रक्तातलं शिसं पुष्कळ उतरलं, तिला येणारे झटके थांबले. पण गेलेलं बोलणं परत आलं नाही. हे त्याने पत्रातून कळवलं. उरलेल्या बॅटऱ्यांचंही लिहिलं होतं. त्याने आणि गावातल्या चौघांनी, तोंडाला फडकी बांधून, सगळ्या एका सिमेंटच्या टाकीत भरल्या आणि वरून सिमेंटचंच झाकण ओतलं. टाकी किती वर्षं टिकेल, एवढंच त्याने शेवटी विचारलं होतं.

मी इंजिनिअर. खाऱ्या हवेत सिमेंटचं काय होतं ते मला ठाऊक होतं. तीन वेळा उत्तर लिहायला बसलो. पाठवलं एकही नाही.